वाफ्यातल्या कुत्र्याच्या छत्र्या: उपटत बसण्यापेक्षा त्या खातायत काय ते शोधा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याच्या कडेला रो-हाउस, कंपाउंडच्या भिंतीला लागून १२ बाय ४ फुटांचा वाफा. एप्रिलमध्ये माती विकत आणून तो भरून घेतला. जास्वंद, मोगरा, कढीपत्ता आणि कडेला थोडा पालक. भिंतीपलीकडे जुना गुलमोहर. जून संपता संपता वाफाभर छत्र्या उगवल्या. रोज उपटता, दोन दिवसांत परत तेवढ्याच. मीठ टाकून झालं, हळद टाकून झाली, दुकानातलं बुरशीनाशक ओतून झालं. जास्वंदीची पानं पिवळी पडतायत. आणि घरात अडीच वर्षांचा नातू आहे, जो दिसेल ते तोंडात घालतो.

नातवाचा मुद्दा तुम्ही शेवटी लिहिलाय, पण मी तिथूनच सुरुवात करतो.

सकाळी तो अंगणात यायच्या आधी वाफ्यावरून नजर फिरवायची आणि दिसेल ती छत्री काढायची. यानं छत्र्या कायमच्या जाणार नाहीत, हे मी पुढे सांगणारच आहे. पण पोर लहान आहे तोवर या कामाला पर्याय नाही. डोकं गुंडीसारखं मिटलेलं असतानाच काढा. नुसतं वरून खुडू नका. खुरप्याचं टोक बुडाशी घालून देठासकट उचला आणि थेट पिशवीत टाका. वाफ्यातच फेकलेली अर्धी छत्री पोराला अख्ख्या छत्रीपेक्षा आधी सापडते. हातमोजे घातलेत तर बरं, नसतील तर नंतर साबणानं हात धुवा. नुसत्या स्पर्शानं विषबाधा होत नाही, ती पोटात गेली तरच होते.

पोटात गेली तर मात्र हसण्यावारी नेऊ नका. आपल्याकडे पावसाळ्यात लॉनवर आणि भरपूर खत घातलेल्या वाफ्यात एक मोठी पांढरी छत्री येते. उमलली की बशीएवढी होते, वर तपकिरी खवले, देठाभोवती सैल कडं. क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस हे तिचं शास्त्रीय नाव. दिसायला इतकी गोंडस की भाजी करावीशी वाटते, आणि ती करणारे लोक एक ते तीन तासांत उलट्या-जुलाबांनी आडवे होतात. ही ओळखायची एक घरगुती रीत आहे. उमललेल्या छत्रीचा देठ कापून टाका, डोकं पांढऱ्या कागदावर उपडं ठेवा, वर वाटी झाका आणि रात्रभर हलवू नका. सकाळी कागदावर चाकाच्या आऱ्यांसारखी पावडरीची नक्षी उमटलेली दिसते. ही पावडर म्हणजे तिचे बीजाणू. नक्षी हिरवट आली तर ती हीच बया. पांढरी, तपकिरी किंवा काळी आली तर दुसरी कुठलीतरी. पण दुसरी म्हणजे खाण्याजोगी असा अर्थ काढू नका. चांदीचं नाणं काळं पडणं, लसूण काळा पडणं, किड्यांनी किंवा गोगलगायीनं खाल्ली म्हणजे माणसालाही चालते, उकळून पाणी फेकलं की विष जातं, ही सगळी ऐकीव परीक्षा आहे आणि तिच्यावर विसंबून माणसं मेली आहेत.

नातवानं तुकडा खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी उरलेला तुकडा कागदात गुंडाळा, प्लास्टिकमध्ये नको, त्यात तो घाम धरून सडतो. आणि सरळ रुग्णालय गाठा. मीठपाणी पाजून ओकारी काढू नका. ‘खेळतोय की छान’ म्हणून वाटही बघू नका, कारण सर्वांत घातक जातींत पहिली उलटीच सहा-बारा तासांनी किंवा त्याहूनही उशिरा येते, आणि तोवर विष यकृताशी पोचलेलं असतं. घरात कुत्रं असेल तर त्यालाही हेच लागू.

अजून एक, जे तुम्ही विचारलेलं नाही. ज्या वाफ्यात बुरशीनाशक ओतलंत त्याच वाफ्यात पालक आहे. तो खाऊ नका. छत्रीचं विष शेजारच्या पालकात उतरत नाही, त्याची भीती नको, पण औषध उतरतं. डब्यावर पालकाचं नाव आणि काढणीपूर्वी किती दिवस थांबायचं ते छापलेलं नसेल, तर हा पालक मुकाट उपटून टाका आणि पुढच्या महिन्यात नव्यानं पेरा. पालक तो काय, महिन्याभरात येतो.

आता मूळ दुखणं.

तुम्ही उपटता ती छत्री म्हणजे बुरशीचं फळ. आंबे उतरवले म्हणून आंब्याचं झाड वाळत नाही, तसंच हे. खरी बुरशी मातीत आहे, पांढऱ्या दोऱ्यांच्या जाळ्याच्या रूपात. शाळेच्या पुस्तकात त्याला कवकजाल म्हणतात. ते वर्षभर तिथंच असतं. उन्हाळ्यात कोरड्या मातीत दबून राहतं आणि मृगाच्या-आर्द्राच्या पावसानं माती आतपर्यंत भिजली की वर फळं धरतं. फळ धरायचं म्हणजे पोटात काहीतरी हवं. बुरशीला हिरव्या पानांसारखं उन्हातून अन्न बनवता येत नाही, आणि वाफ्यातली ही मेलेल्या गोष्टी कुजवून जगते. म्हणून छत्र्या दिसल्या की मी ‘हे कसं मारू’ असं विचारत नाही. ‘हिला इथं वाढतंय कोण?’ असं विचारतो.

मी २६ वर्षं बागा सांभाळतोय, पण हा प्रश्न विचारायला मला पहिली सात-आठ वर्षं सुचलंच नव्हतं. तेव्हा मीही औषध ओतणाऱ्यांतलाच. एका बंगल्यात नेच्यांच्या आणि अँथुरियमच्या वाफ्यात छत्र्या आल्या होत्या. बाईंना पाहुणे यायच्या आत त्या नको होत्या. मी मोरचुदाचं, म्हणजे तांब्याच्या निळ्या क्षाराचं, पाणी केलं, घाईत अंदाजपंचे, आणि झारीनं दोनदा ओतलं. छत्र्या दुसऱ्या दिवशी काळ्या पडल्या, मी खूश. चौथ्या दिवशी नेच्यांची टोकं करपली. आठव्या दिवशी छत्र्या परत आल्या, नेचे मात्र आले नाहीत. ते भरून देताना महिन्याची कमाई गेली. त्याच वाफ्यात नवे नेचे लावायला माती उकरली तेव्हा फूटभर खाली कुठल्यातरी जुन्या झाडाचा बुंधा निघाला, वरून माती टाकून बुजवलेला. मी वरून तांबं ओतत होतो आणि खाली त्यांचं जेवण चाललं होतं.

तुमचा वाफा एप्रिलमध्ये भरलाय, म्हणजे माझा पहिला संशय त्या मातीवर. ‘खत मिसळलेली लाल माती’ म्हणून जे पोत्यांतून येतं त्यात काय काय असतं ते एकदा पोतं उलटं करून बघा: अर्धवट कुजलेलं शेण, गोठ्यातला केर, लाकडाचा भुसा, उसाचं पाचट, भाताचं तूस, कोकोपीट. हे सगळं बागेला चांगलंच आहे, पण कुजून झाल्यावर. कच्चं घातलं तर उरलेलं कुजवणं तुमच्या वाफ्यात होतं आणि ते करायला बुरशी येते. लाकडातला जो चिवट भाग, लिग्निन, तो नीटपणे फोडणारं बुरशीखेरीज जवळजवळ कुणीच नाही. ती नसती तर जंगलात पडलेल्या ओंडक्यांवरून चालायला वाट उरली नसती.

तर खुरपं घ्या आणि तीन ठिकाणी वीत-दीड वीत खणा: जिथं छत्र्या दाट येतात तिथं, जिथं अजिबात येत नाहीत तिथं, आणि गुलमोहराच्या बाजूला भिंतीलगत. माती हातात घेऊन फोडा. चांगल्या कुजलेल्या खताला पहिल्या पावसासारखा वास येतो आणि त्यात मूळ वस्तू ओळखू येत नाही. शेणाचे तंतू, भुशाचे कण, काड्या अजून ओळखू येत असतील आणि त्यांच्याभोवती कापसाच्या दोऱ्यासारखं पांढरं जाळं असेल, तर उत्तर मिळालं. दोऱ्या एका बाजूला जास्त जाड होत चालल्या असतील तर त्या दिशेनं खणत जा. एका सोसायटीत मी असाच दोरीच्या मागं गेलो. ३० फुटांच्या वाफ्यात छत्र्या फक्त मधल्या ६ फुटांत यायच्या. दोन फुटांवर सेंटरिंगच्या फळ्या निघाल्या, खिळ्यांसकट चार-पाच, बिल्डिंग बांधताना राडारोड्याबरोबर पुरलेल्या. वरची फळी हातात घेतली तर भिजलेल्या पावासारखी दबली, आणि मोडल्यावर आत सगळं पांढरंशुभ्र, केसाळ. टेम्पोत भरून त्या फळ्या पाठवल्या, खड्ड्यात माती भरली. पुढच्या पावसाळ्यात तिथं तुरळक आल्या, त्यानंतर नाहीत. एका पैशाचं औषध लागलं नाही, पण दोन माणसांची दिवसभराची मजुरी लागली. सोसायटीच्या कमिटीला ती औषधापेक्षा महाग वाटली होती.

असं काही मोठं लाकूड सापडलं तर काढून टाका, विषय बऱ्यापैकी संपला. नुसता भुसा नि कच्चं खत सगळ्या मातीत मिसळलेलं असेल तर ते वेचून काढणं शक्य नाही. मग ते लवकर कुजून संपावं अशी सोय करायची. तुमच्या पिवळ्या जास्वंदीचं उत्तर इथंच आहे. लाकडाचा भुसा कुजताना कुजवणारे जीव मातीतला नत्र (नायट्रोजन) स्वतःसाठी ओढून घेतात, झाडाला तो कमी पडतो, आणि खालची जुनी पानं आधी पिवळी होतात. लोक म्हणतात छत्र्यांनी झाड खाल्लं. छत्र्यांनी नाही खाल्लं, पिवळी पानं आणि छत्र्या दोन्ही एकाच कच्च्या मालाचे परिणाम आहेत. वरची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असं असेल, तर ते लोह कमी पडल्याचं दुखणं, त्याचा आणि याचा संबंध नाही. आणि पानं पिवळी पडून लोंबतायत, माती चिकट नि आंबूस वासाची आहे, तर मुळं पाण्यात बसलीत. तुम्ही पाठवलेल्या फोटोवरून मला पहिला प्रकार वाटतोय.

नत्र द्यायचा तर चौरस मीटरला १० ग्रॅम युरिया पुरतो. तुमचा वाफा साडेचार चौरस मीटरच्या आसपास, म्हणजे ४५ ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला, मुठीनं मोजू नका, माळ्याची मूठ आणि तुमची मूठ एक नसते. ओल्या मातीवर खोडापासून दूर भुरभुरवा, पंजानं, म्हणजे छोट्या दाताळ्यानं, हलकं मिसळा, वरून पाणी. महिन्यानं पुन्हा एकदा, बस. युरिया नको असेल तर ३०० ग्रॅम शेंगदाण्याची पेंड बादलीत दोन दिवस भिजत घाला, पातळ करून ओता. वास येतो, शेजारी विचारतात, पण काम तेच होतं. मात्र खणल्यावर भुसा न निघता नुसतं ओलं, काळं, कच्चं शेणच निघालं तर हे काही घालू नका. त्यात नत्र आधीच पुरेसा असतो. तिथं फक्त माती हलवायची आणि वाट बघायची.

माती हलवणं हे या सगळ्यातलं सर्वांत स्वस्त काम, आणि तेच कुणी करत नाही. आठवड्यातून एकदा पंजानं वरची तीन-चार इंच माती सैल करा, मुळं सांभाळून. जाळं तुटतं, वारा आत जातो, वरचा थर वाळतो. बुरशीचं जाळं दाट झालं की मातीला मेणचटपणा येतो, वरून पाणी घातलं तरी ते बाजूनं ओघळून जातं आणि खाली माती कोरडी राहते. लॉनवर याचंच मोठं रूप दिसतं: गोल कडं, कड्यावर छत्र्या, आतलं गवत एकीकडे गडद हिरवं नि एकीकडे वाळलेलं. तिथं पहारीनं वीतभर खोल, हातभर अंतरावर भोकं पाडून बादलीभर पाण्यात चमचाभर भांड्यांचा साबण घालून ओततो. साबणानं बुरशी मरत नाही, पाणी आत मुरतं, आणि गवत जगतं.

पाण्याचं तर बोलायलाच नको. जुलैत पाऊस कोसळत असताना पाइप घेऊन उभे असलेले माळी मी रोज बघतो, कारण पाणी घालणं त्यांच्या पगारात धरलेलं असतं. मातीत बोट दोन पेरं खुपसा. आत ओल लागली तर पाणी नाही, पाऊस उघडून दोन दिवस झाले असले तरी नाही. घालायचं तेव्हा सकाळी घाला म्हणजे रात्रीपर्यंत वरचा थर सुकतो. तुमचा वाफा भिंतीलगत आहे, भिंत ऊन अडवते आणि पाणीही. भिंतीच्या पायाशी पाणी जायला भोक आहे का बघा. बहुतेकदा असतं, माती भरताना बुजवलेलं. ते मोकळं करून वाफ्याच्या मागच्या कडेनं वीतभर चर काढा. पालापाचोळ्याचं आच्छादन घातलं असेल तर ते दोन इंचांपेक्षा जाड ठेवू नका आणि खोडाला टेकू देऊ नका. पावसाळ्यापुरतं काढून बाजूला ढीग घातलात तरी चालेल, ऑक्टोबरच्या उन्हात परत पसरा.

आता जे तुम्ही आधीच करून बसलात त्याबद्दल. हळदीनं काहीच बिघडत नाही आणि काहीच घडतही नाही, डाळीत घाला. मीठ किती टाकलंत ते लिहिलेलं नाही. मूठ-दोन मूठ असेल तर या पावसात धुऊन गेलं. अर्धा-एक किलो असेल तर वरची दोन इंच माती खरवडून टाकून द्या, कारण मीठ छत्रीच्या आधी मोगऱ्याच्या मुळांना मारतं. व्हिनेगर, ब्लीचिंग पावडर यांचंही तेच: छत्रीचं वर दिसणारं डोकं जळतं, सोबत बाजूची पानंही. चुना टाका असं तुम्हाला कुणीतरी सांगेलच. कोकणातल्या आंबट जांभ्या मातीत एक वेळ चुन्याला अर्थ आहे. पुण्याकडची काळी माती मुळातच चुनखडीची. त्यात आणखी चुना घातलात तर जास्वंद आणि इक्झोरा लोहासाठी तडफडतील, नि मग खरंच शिरा हिरव्या, पानं पिवळी असं होईल.

बुरशीनाशकाचं गणित साधं आहे. दुकानदार जे देतो ते बहुतेकदा कार्बेन्डाझिम नाहीतर तांब्याचं. ते पानांवरच्या, मुळांवरच्या रोगांसाठी असतं. दीड फूट खाली लाकडात बसलेल्या जाळ्यापर्यंत ते पोचत नाही. वाटेत मात्र मातीतल्या कामाच्या बुरश्या, झाडाच्या मुळांना स्फुरद (फॉस्फरस) आणून देणाऱ्या, त्यांना त्रास देतं, आणि कार्बेन्डाझिम गांडुळांनाही बाधतं. म्हणजे कचरा कुजवणारे मजूर तुम्ही काढून टाकलेत, कचरा तसाच. ट्रायकोडर्माबद्दलही विचाराल, म्हणजे रोगाच्या बुरश्यांना आवरणारी उपयोगी बुरशी. मूळकूज असेल तर जरूर वापरा, मी पोत्यानं वापरतो. छत्र्या घालवायला मात्र त्याचा भरवसा धरू नका.

छत्र्या कसल्या आहेत त्यावरही थोडं अवलंबून आहे, कारण सगळ्यांची एवढी धास्ती नको. सकाळी घोळक्यानं उगवून दुपारी काळ्या शाईसारख्या विरघळून जाणाऱ्या करड्या छत्र्या म्हणजे खत किंवा लाकूड कच्चं होतं. खाद्य संपलं की त्या आपोआप जातात. कुंडीत लिंबासारखी पिवळीधमक नाजूक छत्री येते, ती बऱ्याचदा कोकोपीटमधून किंवा नर्सरीच्या मातीतून आलेली असते. झाडाला काही करत नाही, फक्त पोरांपासून दूर ठेवा. आच्छादनाच्या काड्यांवर तुरीच्या दाण्याएवढ्या वाट्या आणि त्यात चपटी अंडी दिसली तर भिंग घेऊन बघा, इतकी सुंदर वस्तू वाफ्यात दुसरी नाही. पावसाचा थेंब बरोबर वाटीत पडला की अंडं हातभर लांब उडतं आणि पानाला जाऊन चिकटतं. आणि एखाद्या सकाळी मातीवर पिठल्याचा गोळा सांडल्यासारखं पिवळं लिबलिबीत काही दिसलं तर घाबरू नका. ती बुरशीसुद्धा नाही, निराळाच जीव आहे, हळूहळू सरकतो. खुरप्यानं उचलून टाका. पाण्याचा फवारा मारू नका, त्यानं फुटून पसरतो. बाजारातल्या धिंगरी अळंबीसारखे पंखे येत असतील तर माती विकणाऱ्याला विचारा, अळंबी-उत्पादकांकडचा वापरलेला माल त्यात घातला होता का. तो स्वस्त मिळतो आणि खत म्हणून चांगलाही असतो, पण त्यातली धिंगरी अजून जिवंत असते.

लांब मुळासारखा देठ खाली खाली जातच राहतो आणि तुटतो पण संपत नाही, अशी छत्री असेल तर ती वाळवीची. वाळवी तिच्या भुयारात या बुरशीची शेती करते. गोव्यात आणि तळकोकणात वारुळावरच्या या अळमीची पावसाळ्यात माणसं वाट बघतात, पानात बांधलेली जुडी रस्त्याकडेला भाव करून घेतात. माझी आई विजा कडाडल्या की म्हणायची, उद्या रानात बघा. पण ती तिची जागा ओळखीची, पिढ्यांची. तुमच्या वाफ्यातली, कुणीही काहीही सांगितलं तरी, खायची नाही. तुम्ही फक्त दाराच्या चौकटी आणि भिंतीलगतचं फर्निचर ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर वाळवीवाल्याला बोलवा.

शेवटी त्या गुलमोहराकडे येतो, कारण खरी काळजी मला फक्त तिथं आहे. वाफ्यातल्या मऊ छत्र्या मेलेलं खातात. पण झाडाच्या बुंध्यावर किंवा जमिनीतून वर आलेल्या मुळावर लाकडी फळीसारखं काही उगवलं असेल, वरून लाखेची पॉलिश केल्यासारखं तांबूस तपकिरी, कडेला पांढरी किनार, खालच्या पानांवर कोको पावडरीसारखी भुकटी, तर ते गॅनोडर्मा. ते जिवंत झाडाची मुळं आणि बुंधा आतून कुजवतं. झाड वरून हिरवं, फुलांनी भरलेलं असू शकतं आणि वादळात बुडातून मोडतं. कोकणात नारळालाही हाच रोग होतो. बुंध्यातून तपकिरी चिकट द्रव गळायला लागला की बागायतदार सावध होतात, दरवर्षी माडामागे ५ किलो निंबोळी पेंड आणि ट्रायकोडर्मा घालतात, रोगट माडाभोवती चर खणतात. तेही रोग लवकर सापडला तरच. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ आणि कूज आत असते, त्यामुळे बाहेरचं ते फळकुट काढून टाकून काही उपयोग नाही. उलट फोटो काढा, बुंध्यावर लाकडी हातोडीनं ठोकून आवाज ऐका, आणि महापालिकेच्या उद्यान विभागाकडे लेखी अर्ज द्या. झाड शेजारच्याचं असलं तरी देता येतो. स्वतः फांदी तोडायला माणूस चढवू नका. शहरी हद्दीत १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते, आणि पोकळ झाडावर चढलेल्या माणसाचा जीव ही त्याहून मोठी गोष्ट.

गुलमोहराला असं काही नसेल, पण तिसऱ्या खड्ड्यात त्याची मेलेली मुळं वाफ्यात शिरलेली सापडली, तर अंगठ्याएवढी जाड आहेत तेवढी करवतीनं कापून काढा. जिवंत मुळांना हात लावू नका, नखानं साल खरवडलीत की आत ओलं पांढरट दिसतं ती जिवंत.

किती दिवस लागतील? या पावसाळ्यात छत्र्या कमी होतील, पूर्ण थांबणार नाहीत. बारीक भुसा नि कच्चं शेण दोन पावसाळ्यांत संपतं. पुरलेलं लाकूड राहिलं तर पाच-सहा वर्षंही चालतं, म्हणून ते खणून काढण्यावर मी एवढा भर देतोय. एप्रिल-मेमध्ये पालकाची जागा रिकामी असेल तेव्हा माती चांगली भिजवून त्यावर पारदर्शक प्लास्टिक ताणून बसवा, कडा मातीनं दाबा, सहा आठवडे तसंच ठेवा. काळं प्लास्टिक नको, ते स्वतः तापतं आणि माती कमी तापवतं. वरची वीतभर माती यानं बरीच साफ होते, तणाचं बीही मरतं. जास्वंद-मोगऱ्याखाली हे करू नका, मुळं शिजतील.

आणि पुढच्या वेळी माती मागवाल तेव्हा टेम्पो खाली करायच्या आत एक काम करा. तीन-चार पोत्यांतून मूठ-मूठ काढून पाण्याच्या बादलीत टाका, ढवळा, पाच मिनिटं थांबा. माती खाली बसते, भुसा, काड्या, शेणाचे तंतू वर तरंगतात. वर पातळ तवंग आला तर चालेल. बोटभर थर तरंगला तर ती पोती मांडवाखाली ओली करून तीन महिने ठेवा, मधूनमधून उलटीपालटी करा, नाहीतर सरळ परत पाठवा. माळी कुरकुर करेल, टेम्पोवाला हॉर्न वाजवेल. वाजवू द्या.